यादीतले नाव

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत एका तरुण सभासद भगिनीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला दोन शब्द बोल, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली, तेव्हा विषय मीच निवडला. मंडळात पाककृती, आरोग्य, बचत, संतवाङ्मय अशा विषयांवर माझ्यापेक्षा अधिकाराने बोलणाऱ्या पुष्कळजणी आहेत. तिथे मी तोंड उघडणे म्हणजे लहान तोंडी मोठा घास घेणे होईल. परंतु एक गोष्ट अशी आहे की जिच्यात आपण सर्वजणी अगदी सारख्या आहोत. या सभेतील नव्वदीच्या आजी, मी, आणि बाहेर चहाचे पेले विसळणाऱ्या ताई, आम्हा तिघींजवळ ती सारख्याच मापाची आहे. ती म्हणजे आपले मत. तरुण वयाच्या आणि थोडेफार सार्वजनिक काम करण्याची आवड असलेल्या माणसाला हे मत मोलाचे का वाटावे, एवढेच मला आज सांगायचे आहे.

मत म्हटले की आपल्याला यंत्रावरचे बटण आणि बोटावरची शाई आठवते. माझ्या मते मताची सुरुवात त्याच्या पुष्कळ आधी होते. ती होते यादीतल्या नावापासून. म्हणून प्रथम नावाची गोष्ट सांगते.

स्वतंत्र भारतातील पहिली सार्वत्रिक निवडणूक २५ ऑक्टोबर १९५१ ला सुरू झाली आणि फेब्रुवारी १९५२ पर्यंत चालली. मतदारांची संख्या सतरा कोटींवर गेली होती, आणि त्यांतील बहुसंख्य लोकांना अक्षरओळख नव्हती. म्हणून प्रत्येक उमेदवाराला चिन्ह दिले आणि प्रत्येकाची पेटीही वेगळी ठेवली. यादी तयार करणारे कर्मचारी घरोघर गेले. उत्तरेकडील अनेक प्रांतांत दारात आलेल्या बाईला नाव विचारले की ती म्हणे, "अमक्याची बायको" किंवा "तमक्याची आई". परक्या पुरुषाला स्वतःचे नाव सांगायचे नाही, ही रीत होती. देशाचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवले की ज्या बाईला स्वतःचे नाव आहे तिनेच मत द्यायचे, कुणाची बायको म्हणून नव्हे. पुन्हा मुदत दिली, समजावून सांगितले, तरीही सुमारे आठ कोटी स्त्री मतदारांपैकी अदमासे २८ लाख स्त्रियांची नावे यादीत येऊ शकली नाहीत. अठ्ठावीस लाख! तेव्हा काही लोकांना हा निर्णय कठोर वाटला असेल. पण त्याचा परिणाम असा झाला की पुढच्या निवडणुकीच्या वेळी त्यांतील पुष्कळ बायकांनी आपले नाव स्वतःच्या तोंडाने सांगितले. सरकारच्या कागदावर ज्या बाईचे स्वतःचे असे नाव कधी चढले नव्हते, ते नाव मतामुळे चढले.

आपल्याकडेही हे फार लांबचे नाही. मंडळाच्या मतदार नोंदणीच्या टेबलावर मी बसले होते, तेव्हा एका आजींना नाव विचारले. त्या म्हणाल्या, "लिही, कुलकर्ण्यांची थोरली सून." मी म्हटले, "आजी, हे झाले तुमचे नाते. नाव काय?" त्या थोड्या हसल्या आणि मग सावकाश आपले माहेरचे आणि सासरचे अशी दोन्ही नावे सांगितली. म्हणाल्या, "तू विचारलेस म्हणून आठवले बाई, एरवी मला या नावाने हाक मारणारे आता कुणी राहिले नाही." भगिनींनो, मतदार यादी ही अशी एक जागा आहे की जिथे आपण कुणाची सून नाही, कुणाची आई नाही, आपण आपण आहोत.

आता हा अधिकार आपल्याला कसा मिळाला ते पाहू. पुष्कळांची अशी समजूत असते की स्वातंत्र्याबरोबर तो आपोआप मिळाला, मागावा लागला नाही. ते खरे नाही. १९१७ साली सरोजिनी नायडू यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचे एक शिष्टमंडळ भारतमंत्री माँटेग्यू यांना भेटले आणि स्त्रियांना मताधिकार द्यावा अशी मागणी त्याने केली. पुढे सुधारणा कायद्याचा विचार चालू असताना १९१९ साली मुंबईहून हेराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन या दोघी विलायतेला गेल्या आणि पार्लमेंटच्या समितीपुढे त्यांनी भारतीय स्त्रियांची बाजू मांडली. मिठन त्या वेळी अवघी एकवीस वर्षांची होती. माझ्या मैत्रिणींना हे मुद्दाम सांगते. एकवीस वर्षांची मुलगी आईबरोबर बोटीतून गेली ती सहलीसाठी नव्हे, तर आपल्याला आणि आपल्यासारख्या लाखोजणींना मत मिळावे म्हणून. हीच मुलगी पुढे मिठन लाम या नावाने मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणारी पहिली स्त्री झाली आणि १९४७ साली मुंबईची शेरीफ झाली.

विलायतेने तेव्हा सरळ होकार दिला नाही. निर्णय प्रांतांवर सोपवला. मुंबई प्रांताच्या कायदेमंडळाने १९२१ साली स्त्रियांना मताचा हक्क दिला. इथे रमाबाई रानडे यांच्यासारख्या वडीलधाऱ्या बायकांनी त्यासाठी सभा घेतल्या, सह्या गोळा केल्या. परंतु तो हक्क मालमत्ता असणाऱ्यांपुरता होता. आणि मालमत्ता बायकांच्या नावावर असे कुठे? १९३५ च्या कायद्याने थोडे दार उघडले, तेही शिक्षण, मालमत्ता किंवा नवऱ्याची मालमत्ता अशा अटींवर. शेवटी आपल्या राज्यघटनेने १९५० साली साऱ्या अटी पुसून टाकल्या. धर्म, वंश, जात किंवा लिंग या कारणाने कुणाचेही नाव यादीबाहेर ठेवता येणार नाही, असे घटनेच्या ३२५ व्या कलमात लिहिले. आणि ३२६ व्या कलमात प्रत्येक प्रौढाला मत दिले. ज्या देशात बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हते, त्या देशाने पहिल्याच दिवशी मोलकरणीला आणि मालकिणीला एकेक मत दिले. मोठमोठ्या जुन्या लोकशाह्यांना इथवर यायला पिढ्यान् पिढ्या लागल्या होत्या.

आम्हा तरुणांचा प्रवेश आणखी उशिरा झाला. तेव्हा मताचे वय एकवीस होते. ६१ व्या घटनादुरुस्तीने ते अठरा झाले, आणि ती दुरुस्ती मार्च १९८९ मध्ये अमलात आली. म्हणजे अठराव्या वर्षी मत ही काही सनातन गोष्ट नाही. आमच्या आयांच्या तरुणपणी दिला गेलेला तो एक विश्वास आहे. तुम्ही आम्हाला शहाण्या समजलात. तो समज खरा करणे आमच्या हाती आहे.

आता जरा अवघड प्रश्नाकडे वळते. माझ्याच वयाच्या, मनाने चांगल्या, कामाला वाघ असलेल्या मुलामुलींच्या तोंडी मी एक वाक्य नेहमी ऐकते. "आम्ही काम करतो ना? मग मत दिले काय आणि न दिले काय!" ही मुले पहाटे उठून समुद्रकिनारा झाडतात, रक्तदान शिबिरे भरवतात, वस्तीतील मुलांना शिकवतात. त्यांना आळशी कोण म्हणेल? परंतु त्यांचे हे म्हणणे मला पटत नाही, आणि का पटत नाही ते एका नाल्याच्या उदाहरणाने सांगते.

पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही दहा-पंधराजणांनी आमच्या गल्लीमागच्या नाल्याच्या कडेचा कचरा काढला. दोन रविवार गेले, पाठी मोडल्या, हात सोलवटले. पहिल्या मोठ्या पावसानंतर पाहतो तो कचरा होता तितका पुन्हा आला. कारण तो आमच्या गल्लीचा नव्हताच. वरून येत होता. वरच्या वस्तीत कचऱ्याची गाडी रोज येते की नाही, नाल्याला जाळी बसते की नाही, गाळ काढण्याचे कंत्राट कुणाला आणि कोणत्या अटींवर दिले जाते, हे आमच्या फावड्याने ठरत नाही. ते महापालिकेच्या अंदाजपत्रकात ठरते. आणि अंदाजपत्रक मंजूर करणारे लोक आपण निवडून देतो, किंवा आपण घरी बसलो तर दुसरे निवडून देतात. श्रमदान एकदा नाला साफ करते. मत दरवर्षी तो साफ करवून घेऊ शकते. म्हणून श्रमदान सोडा असे मी म्हणत नाही. फावडे एका हातात असू द्या, पण दुसऱ्या हाताच्या बोटाला शाई असू द्या.

या दोन्ही गोष्टी एका बाईने कशा जोडल्या, ते आपल्या मुंबईने पाहिले आहे. मृणाल गोरे गोरेगावात घरोघरच्या बायकांबरोबर काम करीत. पाण्यासाठी त्या इतक्या भांडल्या की लोक त्यांना "पाणीवाली बाई" म्हणू लागले. परंतु हंडे घेऊन मोर्चा काढण्यावर त्या थांबल्या नाहीत. १९६१ साली त्या महापालिकेवर निवडून गेल्या, पुढे १९७२ मध्ये विधानसभेवर आणि १९७७ मध्ये लोकसभेवर गेल्या. आणि १९७२ च्या महागाईत लाटणी घेऊन रस्त्यावर उतरलेल्या बायकांतही त्या पुढे होत्या. बाहेरून दार ठोठावायचे आणि आतूनही कडी काढायची, असे ते दुहेरी काम होते. बायकांनी त्यांना आत पाठवले ते मतानेच. त्याही आधी, १९५७ च्या निवडणुकीत मुंबईत आणि पश्चिम महाराष्ट्रात लोकांनी संयुक्त महाराष्ट्र समितीला भरभरून मते दिली. हुतात्म्यांनी रक्त दिले, शाहिरांनी आवाज दिला. परंतु दिल्लीला मोजून दाखवता येईल असा आकडा दिला तो मतपेटीने. १ मे १९६० ला आपले राज्य झाले, त्यात त्या आकड्याचाही वाटा आहे.

नगरसेवक नसला तर काय अडते, असेही कुणी विचारील. त्याचा अनुभव आपण सर्वांनी नुकताच घेतला आहे. मुंबई महापालिकेची निवडणूक फेब्रुवारी २०१७ मध्ये झाली. तिची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतर प्रभागांची रचना, आरक्षण, न्यायालयातील दावे यांत वेळ गेला, आणि पुढचे मतदान झाले ते १५ जानेवारी २०२६ ला. मधली जवळजवळ चार वर्षे महापालिकेत लोकांनी निवडलेला एकही नगरसेवक नव्हता. स्थायी समिती नव्हती, सभागृह नव्हते. सारे अधिकार प्रशासकाकडे होते. अधिकारी वाईट होते असे मला म्हणायचे नाही. परंतु गढूळ पाणी आले, दिवा बंद पडला, तर सांगायचे कुणाला? अर्ज दिला की पोच मिळे आणि पोच मिळाली की गोष्ट तिथेच संपे. ज्याला पाच वर्षांनी पुन्हा आपल्या दारात यायचे आहे, तो माणूस वेगळ्या कानाने ऐकतो. ज्याला यायचेच नाही, त्याच्या कानाला दोष काय द्यायचा?

मी स्वतः ऑगस्ट २०१७ मध्ये अठरा वर्षांची झाले. म्हणजे लोकसभेला मी दोनदा मत दिले, विधानसभेलाही दोनदा दिले. परंतु माझ्या नळाचा, गटाराचा आणि शाळेचा कारभार पाहणाऱ्या महापालिकेसाठी पहिले मत द्यायला मला सव्विसावे वर्ष उजाडावे लागले. माझ्या वयाच्या हजारो मुलांची हीच गोष्ट आहे. एवढी वाट पाहिल्यावर त्या दिवशी केंद्रावर झुंबड उडेल असे मला वाटले होते. परंतु २०१७ मध्ये जसे निम्म्याहून थोडेसेच अधिक मतदार आले होते, तसेच २०२६ मध्येही आले. उरलेले जवळजवळ निम्मे घरी राहिले. चार वर्षे ज्याची उणीव भासली, ती वस्तू दारात आली तेव्हा निम्म्या घरांनी दार उघडले नाही.

"पण माझ्या एका मताने काय होणार?" हा प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही प्रामाणिकपणे देते. बहुतेक वेळा एका मताने निकाल फिरत नाही. परंतु कधी कधी फिरतो, आणि तो कधी फिरेल हे आधी कळत नाही. राजस्थानात २००८ साली नाथद्वारा मतदारसंघात सी. पी. जोशी हे पक्षाचे प्रदेशाध्यक्ष आणि मुख्यमंत्रिपदाचे दावेदार एका मताने पडले. एकाला ६२,२१६ आणि दुसऱ्याला ६२,२१५. कर्नाटकात २००४ मध्ये संतेमरहळ्ळी येथे असेच एका मताने ठरले. आणि लांब कशाला, आपल्या मुंबईत २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत वायव्य मुंबईचा निकाल ४८ मतांनी लागला. लाखो मते पडली आणि फरक ४८! आपल्या एका चाळीत किंवा एका इमारतीच्या दोन मजल्यांवर याहून अधिक मतदार असतील.

परंतु समजा निकाल हजारांच्या फरकाने लागला. तरीही मत वाया जात नाही, आणि याचे कारण फार थोड्यांना ठाऊक असते. आपले मत गुप्त असते. कुणी कुणाला दिले हे नवऱ्यालाही कळत नाही आणि कळू देण्याचे कारण नाही. परंतु मोजणी केंद्रवार होते. कोणत्या मतदान केंद्रावर किती मते पडली आणि कुणाला किती पडली, याचा तक्ता निवडणुकीनंतर उपलब्ध असतो. प्रत्येक जाणता उमेदवार तो तक्ता पुढ्यात घेऊन बसतो. आमच्या गल्लीचे केंद्र त्यात असते. तिथे नऊशेंपैकी तीनशेच लोक आले असे दिसले, तर तो मनाशी काय म्हणेल? "ही गल्ली येत नाही. हिच्याकडे जाऊन काय उपयोग?" आणि नऊशेंपैकी सातशे आले, तर त्यांनी मत विरुद्ध दिले असले तरी तो म्हणेल, "ही गल्ली जागी आहे. पुढच्या वेळी हिला जपले पाहिजे." म्हणजे आपण कुणाला मत दिले यापेक्षाही आपण आलो, हेच पुष्कळदा आपले काम करून जाते. तरुणांच्या प्रश्नांकडे कुणी पाहत नाही अशी आमची तक्रार असते. घराच्या यादीत नाव नसलेल्या पाहुण्याचे ताट कोण मांडून ठेवील?

न आलेल्याचे मत कुठे जाते, हे पाहायचे असेल तर आपल्याच राज्यातील खेड्यांकडे पाहा. दारूचे दुकान बंद करण्यासाठी गावातल्या किंवा प्रभागातल्या बायकांना मतदान मागता येते. शासनाच्या २००८ च्या आदेशाप्रमाणे पंचवीस टक्के स्त्री मतदारांनी लेखी मागणी केली की पडताळणी होऊन मतदान ठेवले जाते. मतपत्रिकेवर दोनच चित्रे असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान बंद व्हायचे तर आडव्या बाटलीला यादीतल्या एकूण स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक मते पडावी लागतात. लक्षात घ्या, आलेल्यांपैकी नव्हे, यादीतल्या एकूण स्त्रियांपैकी. म्हणजे हजार बायकांच्या गावात चारशे आल्या आणि त्या चारशेंनी एकमुखाने आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तरी दुकान चालूच राहते. ज्या सहाशे घरी राहिल्या, त्यांनी तोंडाने कितीही दारूला शिव्या दिल्या असोत, त्यांचे माप उभ्या बाटलीच्या पारड्यात पडते. आणि जिथे बायका शेतातली कामे टाकून, तान्ही मुले कडेवर घेऊन निम्म्याहून अधिक संख्येने आल्या, तिथे दुकानाला कुलूप लागले आहे. घरी बसणे म्हणजे तटस्थ राहणे, ही समजूत त्या बायकांनी कायमची मोडून काढली आहे.

आणखी एक आक्षेप. "सारे एकाच माळेचे मणी. कुणाला द्यायचे?" माझे म्हणणे असे की माळ हातात घेऊन मणी तरी तपासा. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे लोकसभा-विधानसभेच्या प्रत्येक उमेदवाराला आपल्यावरील गुन्ह्यांचे खटले, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावे लागते. ते कुणालाही वाचता येते. आपण मुलीला स्थळ पाहताना मुलाच्या मामाच्या गावापर्यंत चौकशी करतो, भाजीवालीकडची भेंडी एकेक मोडून घेतो, आणि पाच वर्षांसाठी माणूस निवडताना मात्र भिंतीवरचा फोटो पाहून परत येतो! हे वाचूनही कुणी पसंत पडला नाही, तर २०१३ पासून यंत्रावर "वरीलपैकी कोणीही नाही" हे बटण आहे. तेही दाबावे. कारण नकार हा नोंदला गेला तरच नकार असतो. घरी झोपून दिलेला नकार आणि आळस यांत फरक करणारे यंत्र अजून निघालेले नाही.

पैसे वाटतात, साड्या वाटतात, हे आपण सर्व पाहतो. त्याला माझे एकच उत्तर आहे. आत, त्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे, आपण एकट्या असतो. तिथे सासरा नाही, मुकादम नाही, गल्लीतला दादा नाही. आंधळ्या किंवा अपंग मतदाराला सोबती घेता येतो, तेवढा अपवाद सोडला तर तिथे दुसऱ्याला येता येत नाही. सबंध दिवसात इतका संपूर्ण एकांत आपल्यापैकी कितीजणींना मिळतो? त्या अर्ध्या मिनिटात जे मनाला पटेल ते करावे. आपल्या भगिनींनी तो एकांत ओळखला आहे, हे आकडेच सांगतात. १९६२ च्या लोकसभा निवडणुकीत शंभर पुरुषांतील सुमारे ६३ आणि शंभर स्त्रियांतील सुमारे ४७ जणींनी मत दिले होते. २०१९ मध्ये स्त्रियांचे प्रमाण प्रथमच पुरुषांच्या किंचित पुढे गेले आणि २०२४ मध्येही ते पुढेच राहिले.

आता थोडे व्यवहाराचे बोलते, कारण नुसत्या भाषणाने नाव यादीत चढत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे मतदार ओळखपत्र कपाटात आहे याचा अर्थ नाव यादीत आहे असा नव्हे. नाव यादीत असेल तर ओळखपत्र हरवले तरी आधार, पारपत्र, वाहन परवाना असे दुसरे पुरावे चालतात. परंतु नावच नसेल तर कार्डाचा उपयोग नाही. आपल्या भागात किती जुन्या इमारती पुनर्विकासाला गेल्या आहेत ते पाहा. माणसे तीन-चार वर्षांसाठी भाड्याच्या घरांत पांगली आहेत. यादीत मात्र पाडलेल्या इमारतीचा पत्ता आहे. अशा वेळी पत्ता बदलण्यासाठी नमुना ८ भरायचा असतो. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव माहेरच्या यादीत राहून गेलेले असते, तिच्यासाठीही हाच नमुना. दोन ठिकाणी नाव ठेवणे कायद्याला मान्य नाही. नव्याने नाव घालायचे तर नमुना ६. वसतिगृहात राहणाऱ्या मुलांना वसतिगृहाच्या पत्त्यावर किंवा आईवडिलांच्या घरी, दोहोंपैकी एके ठिकाणी नाव ठेवता येते.

दुसरी गोष्ट वयाची. पूर्वी १ जानेवारी ही एकच तारीख धरीत. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत, आणि सतरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलालाही आगाऊ अर्ज करता येतो. म्हणून घरातील मुलाच्या सतराव्या वाढदिवसाला केकबरोबर नमुना ६ ही आणा. हे काम निवडणूक जाहीर झाल्यावर करू म्हटले तर उशीर होतो. जानेवारी २०२६ च्या महापालिका मतदानाला १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. ज्यांना दिवाळीनंतर जाग आली, त्यांना त्या दिवशी नुसते पाहत बसावे लागले.

तिसरी गोष्ट मी ज्येष्ठ भगिनींना हात जोडून सांगते. मतदानाच्या दिवशी कारखान्यांना व कचेऱ्यांना पगारी सुटी देण्याचा कायदा आहे. परंतु आपल्या घरी धुणीभांडी, स्वयंपाक करणाऱ्या बायकांना सुटी देणारा कायदा म्हणजे आपणच. त्या दिवशी आपल्याला सुटी, म्हणून घरात चार पदार्थ अधिक, म्हणून त्यांना काम अधिक, असे होते. त्यांना आदल्या दिवशीच सांगावे, "उद्या आधी मत देऊन या, मग कामाला या, नाही आलात तरी चालेल." आपले एक मत देऊन आपण दुसरीचे बुडवले, तर जमाखर्च शून्यच झाला.

मंडळाने हळदीकुंकवाच्या वेळी यंदा एक टेबल नोंदणीचे मांडावे, ही माझी सूचना आहे. वाण देताना प्रत्येकीला विचारावे, "यादीत नाव पाहिले का?" आम्ही तरुण मुली भ्रमणध्वनीवर नाव शोधून देऊ, अर्ज भरून देऊ. आपण फक्त आपापल्या मजल्यावरच्या बायकांना घेऊन या. कुणाला मत द्या हे मंडळ सांगणार नाही आणि सांगूही नये. एकाच घरात दोन पक्षांची माणसे सुखाने जेवू शकतात, तर एका मंडळात का नाही?

भगिनींनो, आमच्या पिढीला नेहमी सांगितले जाते की देश तुमच्या हाती आहे. हे वाक्य फार मोठे आहे आणि मोठे ओझे उचलताना हात कुठे धरायचा ते कळत नाही. मी माझ्यापुरती त्याची मूठ शोधली आहे. एका यादीत माझे नाव आहे. त्या नावापुढे कुणाचा दर्जा लिहिलेला नाही, पगार लिहिलेला नाही, जात लिहिलेली नाही. ते नाव जपायचे, त्या नावाने बोलावणे आले की जायचे, आणि ज्याला निवडले त्याला उरलेली पाच वर्षे प्रश्न विचारायचे. मत देणे म्हणजे कर्तव्य संपले असे नव्हे. ज्याने मत दिले त्याला जाब विचारताना मान ताठ ठेवता येते, एवढाच त्याचा अर्थ आणि एवढे पुष्कळ आहे.

 बाहेर पडताना दाराशी ठेवलेल्या वहीत आपले नाव लिहावे. पूर्ण नाव लिहावे, स्वतःचे लिहावे.